त्याच भुताला पाच तारे, त्याच भुताला एक

गावाकडच्या भुताखेतांवरची एखादी कादंबरी येते आणि महिनाभरात अभिप्रायांचे दोन ढीग पडतात. एका ढिगात ‘झोप उडाली’, दुसऱ्यात ‘झोप आली’. पुस्तक तेच, आवृत्तीही तीच. ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून विषय मिटवता येतो, आणि प्रेमकथेच्या बाबतीत कदाचित तेवढ्यावर भागेलही. भयकथेत मात्र वाचक कुठे फुटले ते बहुधा पानावर बोट ठेवून दाखवता येतं. भूत पहिल्यांदा दिसतं ते पान, गावातली म्हातारी पहिल्यांदा तोंड उघडते ते पान, मांत्रिक घरात पाऊल टाकतो ते पान आणि शेवटची वीस-पंचवीस पानं. या जागा कळल्या की उलटसुलट मतांचा गोंधळ बराच निवळतो.

त्याआधी सरासरीचा घोळ. समजा 40 वाचकांनी तारे दिले: 18 जणांनी 5, चौघांनी 4, दोघांनी 3, चौघांनी 2 आणि 12 जणांनी 1. सरासरी येते 3.3. दुसऱ्या एका पुस्तकाला 12 जणांनी 4 आणि 28 जणांनी 3 तारे दिले, तरी सरासरी 3.3च. पहिलं पुस्तक लोकांच्या अंगावर आलंय, दुसरं ठीकठाक आहे. आकडा मात्र दोघांना एकाच बाकावर बसवतो. ऑनलाइन अभिप्रायांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा आकार केव्हाच टिपलाय. टोकाचे तारे भरपूर, मधले विरळ. पुस्तक विकत घेणारा मुळात त्या प्रकाराचा शौकीन असतो, म्हणून वरचं टोक फुगतं. ‘बरं होतं’ एवढंच वाटलेला माणूस लिहायच्या भानगडीत पडत नाही, म्हणून मधला भाग रिकामा राहतो. तेव्हा सरासरी सोडून तारे कसे विखुरलेत ते पाहावं, आणि 2 व 4 तारेवाल्यांचं आधी वाचावं. पाच आणि एकवाले बहुतेकदा भावना कळवतात. दोन आणि चारवाल्यांना एखादा तारा का कापला किंवा का ठेवला याचं कारण द्यावं लागतं.

भूत आहे की नाही

त्स्वेतान तोदोरोव या अभ्यासकांनी 1970 साली फ्रेंचमध्ये अद्भुत साहित्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. कथेत काही विपरीत घडलं की वाचकापुढे दोन दारं उघडतात. एक दार म्हणतं, याला साधं कारण आहे: भास, आजार, कुणाचा तरी डाव. दुसरं म्हणतं, जगाचे नियमच तुला वाटले तसे नाहीत. वाचक उंबरठ्यावर उभा असेपर्यंतच कथा खऱ्या अर्थाने अद्भुत असते. कुठलंही दार निवडलं की तिची जात बदलते.

चकव्याचं उदाहरण घेऊ. रात्री पायवाटेने निघालेला माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. चकवा लागला, म्हणतात. उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं, हा त्यावरचा जुना आणि शहाणपणाचा उपाय. 2009 साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी काही माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. तो दिसेनासा झाल्यावर वळत-वळत आपल्याच वाटेवर परत आली, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधून चालवल्यावर तर वर्तुळं 20 मीटरांहूनही लहान झाली. म्हणजे चकवा लागतो हे खरं, आणि तो लागायला भुताची गरज नाही हेही खरं. लेखकासाठी हा आयता उंबरठा आहे.

आता कादंबरीतला माणूस तिसऱ्या फेरीला आंब्यापाशी येतो आणि खोडाला त्याचाच टॉवेल बांधलेला दिसतो. खांद्यावर हात जातो, तर टॉवेल खांद्यावरच आहे. इथे उंबरठा संपला. ज्यांना पहिलं दार हवं होतं ते वैतागतात आणि ‘चांगली मानसिक कथा होता होता भुताटकी झाली’ असं लिहितात. ज्यांना दुसरं हवं होतं ते म्हणतात, ‘इथून पुढे पुस्तक सुरू झालं.’ दोघंही एकाच टॉवेलबद्दल बोलताहेत.

हा घोटाळा कित्येकदा लेखकाचा नसतोच. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली हडळ छापली की उंबरठा दुकानातच मोडला. मग दोनशे पानं ‘भास असेल का’ हा खेळ खेळणारं पुस्तक वाचकाला फसवणूक वाटतं. मलपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहिलं की त्याची उलटी बाजू. गावाचं नाव, साल, वर्तमानपत्रातली बातमी शोधणारा वाचक तयार होतो, आणि ते न सापडल्याचा राग ताऱ्यांवर निघतो.

कधी दिसतं

ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1826 साली छापला गेला. त्यात त्यांनी भीतीचे दोन प्रकार वेगळे केले. मराठीत एकाला धास्ती म्हणू, दुसऱ्याला थरकाप. काहीतरी येणार आहे पण काय ते माहीत नाही, ती धास्ती. तिने कान टवकारतात. आलं, दिसलं, अंगाशी भिडलं, तो थरकाप. त्याने माणूस थिजतो. ग्रामीण भयकादंबरी वाचणाऱ्यांत या दोन्हीचे ग्राहक असतात, आणि लेखकाला एका प्रसंगात सहसा एकाचीच मागणी पुरवता येते.

एकच प्रसंग दोन प्रकारे लिहून बघू. पहिला:

‘विहिरीतून ती वर आली. केस मोकळे, डोळे लाल, पाय उलटे. सदा किंचाळला.’

दुसरा:

‘सदाने पोहरा सोडला. दोर सरसर गेला, पण पाण्याचा आवाज आला नाही. मग दोराला झोल पडला, खालून कुणी पोहरा हातात घ्यावा तसा.’

पहिल्यात सगळं मिळालं, पण जे मिळालं ते आपण शंभरदा पाहिलेलं आहे. दुसऱ्यात दिसलं काहीच नाही. मात्र ज्याने कधी पाणी शेंदलंय त्याच्या तळहाताला तो झोल कळतो. दोराला भरल्या पोहऱ्याचं वजन असतं, रिकाम्याचंही थोडं असतं. वजन अचानक नाहीसं होणं ही भानगड आहे. ज्याने नळाशिवाय पाणी पाहिलं नाही त्याला याच चार ओळी ‘विहिरीवर गेला, पुढे काय?’ अशा वाटू शकतात. त्यात त्या वाचकाचा दोष नाही. दोर नीट चालतो तेव्हा हाताला कसा लागतो, हे लेखकाने आधीच्या पन्नास पानांत एकदा तरी सहज दाखवायला हवं होतं. पहिल्यांदा साधं पाणी शेंदणं, दुसऱ्यांदा झोल. पहिलं वगळलं की दुसरं निम्म्या वाचकांना कळत नाही, आणि ‘संथ आहे’ हा शेरा येतो.

‘संथ’ हा शेरा तसाही तपासून घ्यावा. अडीचशे पानी कादंबरीत पहिली सत्तर-ऐंशी पानं गाव उभं करण्यात गेली तर काही बिघडत नाही, पण त्या पानांत काहीतरी गमवायला हवं: गोठ्यातलं वासरू, घरातला विश्वास, नाहीतर नुसती झोप. धास्तीला हप्ते भरावे लागतात. पंधरा-वीस पानांत एकही हप्ता गेला नाही की वाचक मोबाईल हातात घेतो. उलट्या बाजूची चूक म्हणजे दर प्रकरणाच्या शेवटी दर्शन. पाचव्यांदा दिसलेली हडळ शेजारीण होते. मोबाईल ॲपवर भाग-भाग करून लिहिलेल्या कथा पुढे पुस्तकरूपात येतात तेव्हा हे हमखास दिसतं. तिथे प्रत्येक भागाच्या शेवटी दचकवावंच लागतं, नाहीतर पुढचा भाग कोण उघडणार? आठवड्याला एक भाग वाचणाऱ्याला ते गोड लागतं. सलग वाचणाऱ्याला दर बारा पानांनी त्याच दाराची कडी वाजतेय असं वाटतं. म्हणून अशा पुस्तकावर जुने, भागशः वाचलेले वाचक पाच तारे देत असतात आणि नवे दोन.

गावचा वाचक काय पकडतो

‘रात्री शेतात कुणी पाऊल टाकत नसे.’ हे वाक्य आजच्या काळातल्या कादंबरीत आलं की शेती करणारा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी शेतीपंपांची वीज आळीपाळीने रात्रीची येत आली आहे. मग बॅटरी आणि काठी घेऊन मोटर चालू करायला जावंच लागतं, आणि पहाटेपर्यंत एकट्याने दारं धरावी लागतात, म्हणजे पाणी एकेका सरीत वळवावं लागतं. तिथली भीती खरी असते. पण ती सापाची असते, स्टार्टरच्या ओल्या पेटीची असते, जुन्नरच्या बाजूला उसातल्या बिबट्याची असते. हे ज्याला माहीत आहे तो लेखक ‘कुणी जात नसे’ असं लिहीत नाही. तो माणसाला मोटरीवर पाठवतो, वीज आल्याचा दिवा लागलेला दाखवतो, आणि मग पाणी भलत्याच सरीत वळलेलं दाखवतो. दारं तर यानेच धरली होती. गावच्या वाचकाचे पाच तारे अशा ठिकाणी येतात, आणि ते टिकाऊ असतात.

चंद्राच्या चुका सगळ्यांत जास्त होतात आणि सगळ्यांत लवकर पकडल्या जातात. अमावास्येनंतर दोन दिवसांनी मध्यरात्री ‘चंद्राची कोर ढगाआडून डोकावली’ असं होत नाही; शुद्ध द्वितीयेची कोर सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांत मावळते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. पौर्णिमेचा रात्रभर असतो, म्हणून पौर्णिमेच्या रात्री ‘डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना’ म्हणायचं असेल तर पाऊस तरी हवा नाहीतर दाट झाडी. पिकांचंही तेच. कोकणात भाताची लावणी आषाढात आणि कापणी दसरा-दिवाळीच्या आसपास. कार्तिकात चिखलात उभी राहून लावणी करणारी बाई ही भुताहून मोठी भुताटकी आहे.

भाषेचं दुखणं याच जातीचं, फक्त जास्त खोल. सिनेमातून आलेली एक सरसकट ‘गावरान’ बोली असते: रं, गं, व्हय, न्हाई. ती पश्चिम महाराष्ट्राच्या देशावरची आहे, तिथे चांगली शोभते. पण कथा सिंधुदुर्गात घडत असेल आणि म्हातारा म्हणाला, ‘कुटं चाललास रं पोरा?’ तर मालवणी कानाला त्या क्षणी पुस्तकातलं गाव खोटं वाटायला लागतं. तिथे ‘ह्या येळार खंय चललंस?’ हवं. वऱ्हाडात ‘काहून’ हवं. याची दुसरी बाजू अशी, की पानभर अस्सल बोली लिहिली तर पुण्या-नागपूरचा वाचक अडखळतो. ज्या वाक्यात भीती दडलीय नेमकं तेच त्याला दोनदा वाचावं लागतं, आणि दोनदा वाचलेल्या वाक्याला कुणी दचकत नाही. जमलेल्या पुस्तकांत निवेदन प्रमाण मराठीत असतं, संवाद बोलीत आणि आखूड असतात, आणि भीतीचं वाक्य चार-पाच शब्दांचं असतं. ‘थंय कोणतरी उभो आसा.’ मालवणी न येणाऱ्यालाही हे कळतं.

ऑडिओबुकमुळे इथे एक गंमत झाली आहे. मिनिटाला दीडशे शब्दांच्या गतीने 80 हजार शब्दांची कादंबरी साधारण नऊ तास चालते. वाचताना जड वाटलेली बोली ऐकताना हलकी होते, कारण हेल ऐकूनच अर्धा अर्थ लागतो. मात्र ऐकणाऱ्याला पानं चाळून पुढे जाता येत नाही, आणि वाड्याच्या चौकाचं चार पानी वर्णन त्याला पूर्ण भोगावं लागतं. एकाच कादंबरीवर वाचणारे भाषेची तक्रार करताना आणि ऐकणारे लांबणीची करताना दिसले, तर हे कारण आधी तपासा.

राखणदाराला भूत केलं

दक्षिण कोकण आणि गोव्यातल्या वाचकांचा एक राग बाहेरच्यांना चटकन कळत नाही. देवचार, राखणदार, वेतोबा यांना कादंबरीत रक्तपिपासू राक्षस केलं की तिथला वाचक एक तारा देतो, आणि भूत मानत नसला तरी देतो. कारण सरळ आहे. देवचार हा तिथे वाडीचा, बागेचा, सीमेचा राखणदार असतो. त्याला विडी, दारू, रोट असा मान दिला जातो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो आणि त्यात चपला झिजतात, अशी श्रद्धा. तो भीती घालतो हे खरंच, पण दटावणाऱ्या आजोबांसारखी. चूक माणसाकडून झालेली असते, मान चुकलेला असतो, शब्द मोडलेला असतो. हा हिशेब न मांडता नुसती नखं आणि दात दाखवले तर भीतीचं मूळच कापलं जातं. देवळात गाऱ्हाणं घालताना दर वाक्याला जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. त्या होकारातून एखादा आवाज कमी पडला, किंवा एखादा जास्त ऐकू आला, एवढ्यावर सिंधुदुर्गातल्या वाचकाच्या अंगावर काटा उभा राहील. त्याला राक्षस लागत नाही.

मुंजा आणि अलवंतीण यांचं वेगळं. मुंज झालेला पण सोडमुंज (मुंजीची सांगता) व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेली बाई अलवंतीण होते, अशी समजूत. दोघंही अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची भुतं. म्हणून आजचे वाचक, विशेषतः बायका, विचारतात: ही बाई मेली कशाने, आणि मेल्यावर तिलाच दोषी का धरलं? जी कादंबरी हा प्रश्न स्वतःच विचारते तिला एका गटाचे पाच तारे मिळतात आणि दुसऱ्या गटाची ‘भयकथेत समाजसुधारणा घुसवली’ ही तक्रार. आमच्या मते तक्रार तेव्हाच खरी, जेव्हा प्रश्न भुताच्या तोंडून भाषणासारखा येतो. घरातल्या कुणी तिचं नाव न घेणं, तिचा पाट अजून भिंतीला टेकवलेला असणं, एवढ्यात तोच प्रश्न विचारून होतो.

मांत्रिकाचं प्रकरण याहून नाजूक. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला गुप्तधनाच्या समजुतीतून बायकामुलांचे खून पडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी, चटके हे सगळं त्यात गुन्हा आहे. ही पार्श्वभूमी माहीत असलेला वाचक भुतावर सहसा आक्षेप घेत नाही. सुनेला धुरी दिली आणि ती बरी झाली, असं लेखकाने निर्विकारपणे लिहिलं की तो उठतो. तोच प्रसंग धुरी घेणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून लिहिला की भीती दुप्पट होते आणि आक्षेपही उरत नाही.

शेवटाबद्दलची भांडणं मात्र सुटणारी नाहीत, कारण ती मराठी वाचकाच्या घडणीतून आली आहेत. नारायण धारप (1925–2008) यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला त्यांच्या ‘समर्थ’ या पात्रासारखा कुणी जाणता येऊन दुष्टाला रोखेल, निदान त्याचे नियम समजावून सांगेल, अशी सवय असते. रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथा वाचलेल्याला अंधार माणसाच्या मनात सापडला तर चालतो, आणि तो तिथेच राहिला तरी चालतो. एकाला मोकळा शेवट म्हणजे अर्धवट काम; दुसऱ्याला शेवटच्या दहा पानांतला खुलासा म्हणजे कोडं घालून लगेच उत्तर ओरडून सांगणं. ‘शेवट गुंडाळला’ असं वाचलं तर हा वाचक कुठल्या बाजूचा ते त्याच्या बाकीच्या आवडींवरून बघावं. दोन्ही बाजूंनी तीच तक्रार केली तरच शेवट खरोखर फसलाय. त्याचं नेहमीचं कारण असं: सुरुवातीला भुताचा जो नियम सांगितला तो शेवटी मोडला. मुंजा पिंपळाच्या सावलीबाहेर जात नाही असं 40व्या पानावर ठरलं असेल, तर 230व्या पानावर तो एसटीत बसू शकत नाही.

पुस्तक विकत घेण्याआधी चाळायची सोय असेल तर गावातला माणूस त्या गोष्टीबद्दल पहिल्यांदा बोलतो ते पान काढा, आणि तो ‘भूत’ हा शब्द वापरतो का बघा. अंधार पडल्यावर सापाला ‘जनावर’ नाहीतर ‘लांबडं’ म्हणतात, तसंच इथेही थेट नाव टाळतात. ‘बाहेरचं काहीतरी आहे’, ‘वारं लागलंय’, ‘त्या जागेचं आहे’, किंवा नुसतंच ‘ती’.